लग्न एकाच्या घरी, कमाई दुसऱ्याच्या घरी
जागतिक क्रीडास्पर्धांचा जमाखर्च

आपल्या मोहल्ल्यात एखाद्या घरी लग्न निघाले की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. घरमालक भिंतींना रंग देतो, अंगणात फरशी बसवतो, मंडप घालतो, हजार माणसांच्या जेवणाची तयारी करतो. त्यासाठी कर्ज काढतो. चार दिवस घर उजळून निघते. पाचव्या दिवशी मंडपवाला, बावर्ची, बँडवाला आणि कापड दुकानदार आपापले पैसे मोजून घेतात आणि घरमालक मात्र पुढची काही वर्षे हप्ते भरत बसतो. घराची इज्जत वाढली हे खरे, पण पैसा त्या घरात थांबला नाही.

ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा यांचा जमाखर्च मांडला तर तो बराचसा याच लग्नासारखा दिसतो. हा विषय आज काढण्याचे कारण आहे. 26 नोव्हेंबर 2025 रोजी ग्लासगो येथे 2030 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला देण्याचा निर्णय झाला. त्याआधी ऑक्टोबर 2024 मध्ये भारताने 2036 च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्याची इच्छा लेखी कळवली होती. तेव्हापासून बाजारात बसल्यावर कोणी ना कोणी म्हणतोच, "आता धंद्याला तेजी येईल." तेजी येते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच आहे की ती कोणाच्या गल्ल्यात येते. हे समजून घ्यायचे तर आधी थोडा इतिहास पाहावा लागेल.

सुरुवात कशी झाली

प्राचीन ग्रीसमधील ऑलिंपिया येथील स्पर्धांचा इतिहास इसवी सनापूर्वी 776 पासून सांगितला जातो. दर चार वर्षांनी हजारो लोक जमत आणि जिथे लोक जमतात तिथे व्यापारी पोहोचतोच. शर्यती, पूजाअर्चा आणि बाजार हे तिन्ही एकाच मैदानात चालत. आपल्याकडच्या उरुसासारखेच ते होते.

आधुनिक ऑलिंपिक 1896 साली अथेन्समध्ये भरले. ग्रीस सरकारची तिजोरी रिकामी होती. तेव्हा मदतीला आला तो एक व्यापारीच. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात धंदा करून मोठे झालेले जॉर्ज अवेरॉफ यांनी जुन्या संगमरवरी स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी 9 लाख द्राक्मांहून अधिक रक्कम दिली. बाकीचा पैसा वर्गणी, तिकिटे आणि खास छापलेल्या टपाल तिकिटांच्या विक्रीतून उभा राहिला. म्हणजे पहिल्या आधुनिक ऑलिंपिकचा बराच भार लोकांच्या देणगीवर होता.

फुटबॉलचा पहिला विश्वचषक 1930 साली उरुग्वेमध्ये झाला. देशाच्या राज्यघटनेला शंभर वर्षे होत होती, म्हणून त्यांनी मोंतेव्हिदेओ शहरात नवे स्टेडियम बांधले आणि पाहुण्या संघांचा प्रवास व राहण्याचा खर्च स्वतः करण्याचे कबूल केले. तरीही युरोपातून फक्त 4 संघ आले. एकूण संघ 13 होते. यजमानाने खिशातून खर्च करायचा, ही रीत तेव्हापासूनच पडली.

1948 चे लंडन ऑलिंपिक याला अपवाद होते. महायुद्ध नुकतेच संपले होते, इंग्लंडमध्ये अन्नधान्य रेशनवर मिळत होते. नवे स्टेडियम बांधण्याचा विचारही कोणी केला नाही. जुने वेम्बली मैदान वापरले, खेळाडूंना लष्करी बराकींत आणि कॉलेजांच्या वसतिगृहांत उतरवले. थोडा का होईना, नफाच झाला. ज्याने अंथरूण पाहून पाय पसरले त्याला तोटा झाला नाही, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

टीव्ही आला आणि मालक बदलला

सुरुवातीला कमाई म्हणजे तिकीटविक्री होती. टीव्हीने हे सारे बदलले. 1948 मध्ये बीबीसीने प्रक्षेपणासाठी केवळ 1,000 गिनी देऊ केल्या होत्या. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी अमेरिकेतील सीबीएस कंपनीने 3 लाख 94 हजार डॉलर दिले. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी एबीसी कंपनीने 22 कोटी 50 लाख डॉलर मोजले. 2014 साली एनबीसी कंपनीने 2022 ते 2032 या काळातील 6 ऑलिंपिकसाठी 765 कोटी डॉलरचा करार केला. माल तोच, पण 65-70 वर्षांत किंमत कुठून कुठे गेली पाहा.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या खेळाचा मालक यजमान शहर नसते. ऑलिंपिकचा हक्क स्वित्झर्लंडमधील लोझान येथील आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीकडे आहे, तर फुटबॉल विश्वचषकाचा हक्क झुरिच येथील फिफाकडे. टीव्हीचा मोठा पैसा आधी मालकाकडे जातो. मोठ्या कंपन्या आपले नाव जोडण्यासाठी जे देतात तेही मालकाकडे जाते. ऑलिंपिक समिती त्यातला काही वाटा यजमानाला देते. यजमानाकडे उरतात तिकिटे आणि स्थानिक जाहिरातदार. मैदाने, रस्ते, पोलीस बंदोबस्त, पाणी, वीज, पाहुण्यांची सोय हा सारा खर्च मात्र यजमानाच्या नावे पडतो.

2019 ते 2022 या 4 वर्षांत फिफाचे उत्पन्न सुमारे 757 कोटी डॉलर झाले. याच चक्रातला विश्वचषक कतारमध्ये झाला आणि कतारने स्टेडियम, मेट्रो, रस्ते व नव्या वसाहती मिळून सुमारे 20 हजार कोटी डॉलर खर्च केल्याचे सांगितले जाते. हा सगळा खर्च केवळ खेळासाठी नव्हता, देशाच्या विकासाचाही होता. तरीही दोन आकडे शेजारी ठेवले की लग्नघर कोणते आणि मंडपवाला कोण, हे लक्षात येते.

मॉन्ट्रियलचे कर्ज आणि लॉस एंजेलिसचा नफा

व्यापाऱ्याने शिकावे असे दोन धडे आहेत. पहिला कॅनडातील मॉन्ट्रियलचा. 1976 चे ऑलिंपिक घेताना तोटा होणे शक्यच नाही, असे तिथले महापौर छातीठोकपणे सांगत होते. प्रत्यक्षात संप, महागाई आणि स्टेडियमच्या अवघड नक्षीमुळे खर्च अंदाजाच्या कितीतरी पट झाला. स्पर्धा सुरू झाली तेव्हा स्टेडियम अर्धवट होते. ठरलेले छप्पर बसायला 1987 साल उजाडले. सुमारे दीडशे कोटी डॉलरचे कर्ज झाले आणि ते फेडण्यासाठी तंबाखूवर खास कर लावावा लागला. शेवटचा हप्ता 2006 साली फिटला. खेळ 15 दिवसांचा, कर्ज 30 वर्षांचे.

ही परिस्थिती पाहून जगातील शहरे घाबरली. अमेरिकेतील कोलोराडोच्या मतदारांनी तर त्याआधीच, 1972 साली, हिवाळी ऑलिंपिकसाठी सरकारी पैसा देण्यास नकार दिला होता आणि डेन्व्हरला मिळालेली स्पर्धा ऑस्ट्रियात इन्सब्रुकला हलवावी लागली होती. 1984 साठी शेवटी एकच शहर उरले, लॉस एंजेलिस. गिऱ्हाईक एकच असले की भाव गिऱ्हाईक ठरवते. तेथील मतदारांनी 1978 साली शहराचा पैसा यात अडकू नये असा नियमच करून घेतला. मग पीटर युबेरॉथ या उद्योजकाच्या हाती कारभार दिला गेला.

त्यांनी काय केले? नवी बांधकामे अगदी मोजकी. मुख्य मैदान 1923 साली बांधलेले आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये वापरलेले तेच. खेळाडूंना विद्यापीठांच्या वसतिगृहांत ठेवले. पुरस्कर्ते शेकडो न घेता मोजके घेतले आणि प्रत्येक मालासाठी एकच कंपनी ठरवली. कोडॅक कंपनी घासाघीस करत राहिली, तेवढ्यात जपानच्या फुजीने रक्कम भरून फिल्मचा हक्क उचलला आणि अमेरिकेच्या बाजारात घरच्या कंपनीसमोर ठाण मांडले. मशाल घेऊन एक किलोमीटर धावण्यासाठीसुद्धा 3,000 डॉलर देणगी ठेवली होती. शेवटी सुमारे 23 कोटी डॉलर शिल्लक उरले. त्यातील मोठा हिस्सा तिथल्या मुलांच्या खेळासाठी ठेवण्यात आला.

गंमत अशी की लॉस एंजेलिसचा नफा पाहून पुन्हा सगळी शहरे रांगेत उभी राहिली, पण त्याचे कारण कोणी पाहिले नाही. नफा झाला होता तो न बांधल्यामुळे. नंतरच्यांनी मात्र भरपूर बांधले.

कोणाचे भले झाले, कोणाचे नाही

बांधकाम म्हणजे नेहमी नुकसानच, असेही नाही. 1992 च्या बार्सिलोनाचे उदाहरण आम्हा कापडवाल्यांना विशेष वाटावे असे आहे. तेथील पोब्लेनोऊ भागात एकेकाळी कापड गिरण्या होत्या. मुंबईच्या गिरणगावासारखाच तो भाग गिरण्या बंद पडल्यावर ओस झाला होता आणि रेल्वेचे रूळ व कारखाने यांनी शहराला समुद्रापासून तोडले होते. बार्सिलोनाने खेळाडूंचे गाव तिथेच वसवले, रूळ हटवले, किनारा खुला केला, शहराभोवती रस्ते आणि मलनिस्सारणाची व्यवस्था केली. मुख्य स्टेडियम मात्र 1929 चे जुनेच दुरुस्त करून वापरले. पैशाचा मोठा भाग खेळावर न जाता शहरावर गेला. म्हणून खेळ संपला तरी शहराची मिळकत चालू राहिली, पर्यटक वाढले. गिरणी कामगारांच्या वस्तीचे पुढे काय झाले, घरे कोणाला परवडली, हा वेगळा प्रश्न आहे. मुंबईकरांना तो सांगायला नको.

याउलट 2004 चे अथेन्स. जिथून ऑलिंपिक सुरू झाले त्या देशाने हौसेने कितीतरी मैदाने बांधली. खेळ संपल्यावर अनेक ठिकाणी गवत उगवले. 2010 नंतर ग्रीस कर्जाच्या संकटात सापडला. त्या संकटाची कारणे पुष्कळ होती, एकट्या ऑलिंपिकला दोष देणे बरोबर नाही. पण ज्या घरात आधीच उधारी आहे त्या घराने थाटाचे लग्न करू नये, एवढे तरी त्यातून समजते.

लंडनने 2012 साठी सुरुवातीला सुमारे 240 कोटी पौंडांचा अंदाज दिला आणि दोनच वर्षांत, 2007 साली, तो 930 कोटींवर नेला. अंदाज फुगवून घेतल्यावर "ठरलेल्या रकमेत काम झाले" असे सांगता आले. पूर्व लंडनमधील मागासलेल्या भागाला नवे रस्ते, उद्यान आणि घरे मिळाली, हा फायदा मान्य करावा लागेल. पण गर्दी होईल म्हणून लोकांना प्रवास टाळण्याच्या इतक्या सूचना दिल्या गेल्या की मध्य लंडनमधील दुकाने आणि हॉटेले पहिल्या दिवसांत ओस पडली. त्या ऑगस्टमध्ये परदेशी पाहुणे आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा कमीच आले. खेळ पाहायला जेवढे आले, त्याहून जास्त नेहमीचे गिऱ्हाईक भिऊन दूर राहिले. यात्रेच्या दिवशी नेहमीचा बाजार बंद पडतो, तसेच हे झाले.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2026 च्या राष्ट्रकुल स्पर्धा स्वीकारल्या होत्या. अंदाज 260 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 600 कोटींच्या वर गेलेला पाहून जुलै 2023 मध्ये त्यांनी सरळ माघार घेतली आणि 38 कोटी डॉलर भरपाई दिली. मग ग्लासगोने त्याच स्पर्धा कमी खेळ व जुनी मैदाने घेऊन छोट्या आकारात भरवण्याचे कबूल केले. तोट्याचा सौदा बयाणा सोडून मोडणे कधी कधी शहाणपणाचे असते.

फुटपाथवरचा व्यापारी

मोठ्या स्पर्धेत मैदानाच्या आसपासचा बाजार पुरस्कर्त्या कंपन्यांसाठी राखून ठेवतात. दक्षिण आफ्रिकेत 2010 च्या विश्वचषकाच्या वेळी वर्षानुवर्षे स्टेडियमबाहेर खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायकांना तिथून हटवण्यात आले. मैदानात घुमणारे ते प्रसिद्ध भोंगे, वुवुझेला, मोठ्या संख्येने चीनमध्ये तयार होऊन आले. स्पर्धेचे प्रतीक असलेल्या झाकुमी नावाच्या बिबट्याची खेळणीही चीनमध्ये बनत होती, त्यावर तेथील कामगार संघटनांनी ओरड केली. लग्न आफ्रिकेत आणि वाजंत्री चीनची, असा प्रकार झाला.

ब्राझीलच्या साल्वादोर शहरात मात्र थोडे वेगळे घडले. तिथे पांढरे कपडे घालून आकाराजे नावाचे भजीसारखे पदार्थ तळून विकणाऱ्या बायकांची जुनी परंपरा आहे. 2014 च्या विश्वचषकात त्यांनाही स्टेडियमपासून दूर ठेवण्याचे ठरले होते. त्यांची संघटना होती. त्यांनी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले. शेवटी त्यांच्यातील काहींना स्टेडियममध्येच जागा मिळाली. जागा थोड्यांनाच मिळाली, पण जी मिळाली ती संघटनेमुळे.

दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी फेरीवाल्यांना रस्त्यांवरून हटवले गेले, हे पुष्कळांना आठवत असेल. त्या स्पर्धांच्या खरेदीवर आणि ठेक्यांवर महालेखापालांनी 2011 च्या अहवालात कडक ताशेरे ओढले होते.

मजुराच्या घामाचा हिशेब

या जमाखर्चात एक रकाना नेहमी रिकामा सोडला जातो, तो मजुराचा. 1982 च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धा म्हटले की लोकांना रंगीत टीव्ही, उड्डाणपूल आणि अप्पू हत्ती आठवतो. पण ते पूल आणि स्टेडियम बांधणाऱ्या मजुरांची कहाणी सर्वोच्च न्यायालयात नोंदलेली आहे. किमान मजुरी रोजची 9 रुपये 25 पैसे ठरली होती. ठेकेदार ती जमादारांमार्फत देत आणि जमादार प्रत्येक मजुरामागे रोज 1 रुपया दलाली कापून घेत. स्त्रियांच्या हातावर तर 7 रुपयेच ठेवले जात. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने पत्र लिहून हे न्यायालयासमोर आणले. सप्टेंबर 1982 मध्ये न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने निकाल दिला की किमान मजुरीपेक्षा कमी पैशांत काम करवून घेणे ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच आहे. आज देशातील कोणताही मजूर या निकालाचा आधार घेऊ शकतो. माझ्या मते त्या स्पर्धांतून देशाला मिळालेली ही सर्वात टिकाऊ मिळकत आहे.

40 वर्षांनी हाच प्रश्न कतारमध्ये आला. भारत, नेपाळ, बांगलादेशचे लाखो लोक तिथे बांधकामावर होते. आपल्या रत्नागिरी, रायगड जिल्ह्यांतील किती घरांची चूल आखाताच्या पैशावर पेटते, हे वाचकांना सांगायला नको. एजंटाला पैसे देण्यासाठी सुदाने कर्ज काढायचे आणि तिथे गेल्यावर पहिली एक-दोन वर्षे ते फेडण्यातच घालवायची, ही अनेकांची कहाणी आहे. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. उन्हात काम करताना झालेल्या मृत्यूंबद्दल जगभर प्रश्न विचारले गेले. या दबावामुळे कतारने सप्टेंबर 2020 मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाचा दाखला लागण्याची अट काढली आणि मार्च 2021 पासून महिना 1,000 रियाल किमान मजुरी लागू केली. राहण्याची व जेवणाची सोय नसेल तर त्याचा भत्ता वेगळा. स्पर्धा समितीने एजंटांना दिलेल्या रकमा ठेकेदारांकडून मजुरांना परत करवण्याची योजनाही राबवली. अंमलबजावणीत उणिवा राहिल्याच्या तक्रारी झाल्या, तरी मुसलमान देशात भरलेल्या पहिल्या विश्वचषकाचा अभिमान बाळगताना हा रकानाही आपणच आधी वाचला पाहिजे. मजुराची मजुरी वेळेवर आणि पूर्ण देण्याची ताकीद आपल्या दीनने दिलेली आहे. ती यजमान पाहून बदलत नाही.

सियालकोटचा चेंडू

मग या स्पर्धांतून सामान्य कारागिराला काहीच मिळत नाही का? मिळते. पण ते लग्नघरात नसते, दूर कुठेतरी कारखान्यात असते. पाकिस्तानी पंजाबमधील सियालकोट शहरात इंग्रजी अमलापासून खेळाचे सामान बनते. फाळणीत तिथले हिंदू कारागीर व व्यापारी जालंधर आणि मेरठला आले आणि त्यांनी तोच धंदा इकडे उभा केला. एकाच हुनराच्या दोन शाखा सरहद्दीच्या दोन बाजूंना वाढल्या.

जुना चेंडू 32 तुकड्यांचा असे, 20 षट्कोनी आणि 12 पंचकोनी. ते हाताने शिवत. 1996 च्या सुमारास लहान मुले चेंडू शिवत असल्याचे जगासमोर आले आणि धंदा बुडण्याची वेळ आली. फेब्रुवारी 1997 मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे सियालकोटच्या व्यापारी संघाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांच्याशी करार केला. घरोघरी होणारी शिलाई देखरेखीखालच्या केंद्रांत आणली गेली. त्यामुळे मुलांचे काम कमी झाले, पण घरात बसून शिवणाऱ्या अनेक बायकांचीही रोजी गेली.

पुढे शिलाईऐवजी उष्णतेने चिकटवलेले चेंडू आले आणि चीनने बाजार घेतला. तेव्हा सियालकोटच्या फॉरवर्ड स्पोर्ट्स या कारखान्याने ते तंत्र शिकून घेतले. 2014 च्या विश्वचषकाच्या वेळी चीनचा पुरवठा कमी पडला तेव्हा ते तयार होते. ब्राझुका नावाचा चेंडू तिथून गेला. 2018 आणि 2022 च्या चेंडूंसाठीही सियालकोटचे नाव आले. त्याच शहरातील व्यापाऱ्यांनी आपसात पैसे घालून स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधला, तो 2007 साली सुरू झाला. सियालकोटमध्ये विश्वचषकाचा एकही सामना झालेला नाही.

आपल्या बाजारासाठी चार गोष्टी

शेवटी स्वतःची एक चूक सांगतो, कारण सल्ला देणाऱ्याने आधी आपली खातेवही उघडावी. 2007 साली वेस्ट इंडीजमध्ये क्रिकेटचा विश्वचषक होता. भारत अंतिम फेरीपर्यंत जाणार असे जो तो म्हणत होता. मी 60 दिवसांच्या उधारीवर निळ्या कापडाचे तागेच्या तागे उचलले, टी-शर्ट आणि झेंडेवाल्यांना विकण्यासाठी. 17 मार्चला भारत बांगलादेशकडून हरला, 23 मार्चला श्रीलंकेकडून. पहिल्याच फेरीत घरी. दुसऱ्या दिवशी जो शिंपी ऑर्डर देऊन गेला होता तो फोन उचलेना. तो निळा माल मी उशांच्या अभ्र्यांसाठी निम्म्या भावात काढला आणि उधारी फेडायला आठ महिने लागले. दोष शिंप्याचा नव्हता. त्याच्याकडून बयाणा न घेणारा मी होतो.

आता दुसरे चित्र पाहा. 18 डिसेंबर 2022 रोजी कतारच्या अमीरांनी अर्जेंटिनाच्या मेस्सीला काळा, सोनेरी काठाचा बिश्त घातला. दुसऱ्या दिवशी दोह्याच्या सूक वाकिफ बाजारात बिश्त घेण्यासाठी अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांनी गर्दी केली. ते दुकानदार विश्वचषकासाठी काही वेगळे करायला गेले नव्हते. त्यांचा रोजचा माल रोजच्यासारखा दुकानात होता, म्हणून संधी आली तेव्हा विकला गेला.

यावरून, अहमदाबादच्या स्पर्धा जवळ येतील तसे, आपल्या यंत्रमागवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, स्पर्धा संपल्यावरही विकेल असाच माल साठवा. खेळाडूंच्या गावाला, हॉटेलांना, वसतिगृहांना चादरी, टॉवेल, पडदे, कामगारांचे गणवेश लागतात. सोलापूर, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे हे रोजचेच काम आहे. अंतिम सामन्याच्या दुसऱ्या दिवशी ज्याची किंमत शून्य होते त्या मालात भांडवल घालू नका.

दुसरी, स्पर्धेचे चिन्ह, नाव किंवा प्रतीक परवान्याशिवाय कापडावर छापू नका. यांचे मालक धाडी घालायला मागेपुढे पाहत नाहीत. माल जप्त झाला की मुद्दल आणि अब्रू दोन्ही जातात.

तिसरी, मोठ्या ठेकेदाराच्या खालच्या ठेकेदाराकडून काम घेताना लेखी ऑर्डर आणि बयाणा घेतल्याशिवाय माग सुरू करू नका. अशा कामात सर्वात उशिरा पैसे मिळतात ते साखळीतल्या शेवटच्या माणसाला. तो शेवटचा माणूस बहुधा आपणच असतो.

चौथी, एकट्याने जाऊ नका. साल्वादोरच्या भजी विकणाऱ्या बायकांना संघटनेने जागा मिळवून दिली, सियालकोटच्या व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन विमानतळ बांधला. आपल्या बाजारपेठांतील संघटनांनी आताच निविदांची माहिती, मालाच्या दर्जाचे दाखले आणि मजुरांचे हजेरीपट नीट ठेवायला सुरुवात केली तर 2030 फार लांब नाही.

लग्नघराला शुभेच्छा जरूर द्याव्यात आणि पाहुणा म्हणून आनंदाने जावे. मात्र मंडपवाल्याशी सौदा करताना पावती घ्यायला विसरू नये.